लाइन बोअर की लाइन होन? मेन बेअरिंगच्या मध्यरेषेची पार्श्वभूमी

इंजिनचा मुख्य फिरता दंड, म्हणजे क्रँक, ज्या मेन बेअरिंगमध्ये फिरतो त्यांची भोके एका रेषेत आणायला बोअरिंग करावे की होनिंग, हा इथला प्रश्न. बेअरिंगसाठीच्या कथिल, अँटिमनी आणि तांब्याच्या व्हाइट मेटलचे पेटंट 1839 चे, म्हणजे मोटारीपेक्षा बरेच जुने. मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांत तो धातू थेट ब्लॉकमध्येच (इंजिनच्या मुख्य सांगाड्यात) ओतलेला असे. मग जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) ब्लू, म्हणजे डाग उमटवणारा निळा रंग, लावायचा, क्रँक बसवून फिरवायचा आणि डाग उमटेल तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे. यात एक मेख होती. क्रँकच वाकलेला असला तर डाग भलतीकडे उमटतो आणि खरवडता खरवडता बेअरिंग सैल होते. म्हणून आधी व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या टेकूंवर) डायल गेज लावून क्रँक तपासायचा. आजही हे टाळण्यात शहाणपणा नाही.

कॅपखालच्या (कॅप म्हणजे बेअरिंगचा बोल्टने आवळलेला सुटा अर्धा भाग) थरांच्या शिममधून, म्हणजे पातळ पत्र्यांच्या गठ्ठ्यातून, थर सोलून झीज भरून काढायची पद्धत त्याच काळातली. पण अशाने फक्त कॅप वर सरकते, ब्लॉककडची झीज तशीच राहते. तीन मेन बेअरिंगच्या इंजिनात मधले बेअरिंग खाली राहिले तर क्रँक दर फेऱ्याला लवतो आणि शेवटी जर्नलच्या कोपऱ्यातून तडकतो.

1930 च्या दशकात पातळ, स्टीलच्या पाठीची शेल, म्हणजे बेअरिंगचे बदलता येणारे अर्धगोल तुकडे, आली आणि अचूकतेचा भार बेअरिंगवरून ब्लॉकच्या भोकावर गेला. शब्दांचा गोंधळ इथलाच. बिलावर सर्रास ‘लाइन बोअर’ लिहिलेले असते आणि केलेले असते होनिंग, म्हणजे फिरत्या दगडांनी घासणे. बोअरिंगमध्ये कटर ठरवून दिलेल्या अक्षावर फिरतो, त्यामुळे सरकलेली मध्यरेषा मूळ जागी आणता येते. होनचे दगड मात्र आहे त्या भोकांच्या मागे जातात आणि त्यांची सरासरी काढतात.

मोठे झालेले भोक लहान करायला कॅप घासतात; फरक तेव्हा कळतो. कॅपचा जोडपृष्ठ 0.05 मिमी घासला की भोक उभ्यात तेवढे कमी होते. बोअरिंगने ते सगळे कॅपकडून काढता येते. होन वरून आणि खालून दोन्हीकडे खातो, म्हणून मध्यरेषा ठोकळमानाने 0.025 मिमी कॅमकडे (झडपा चालवणाऱ्या दंडाकडे) चढते. एकदा झाले तर चालून जाते. पण आधीच दोन-तीनदा उघडलेल्या इंजिनात क्रँक आणि कॅम जोडणारी चेन ढिली पडते. गिअर टायमिंग असेल तर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) संपून गिअर किंचाळतात. शिवाय क्रँक आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेषाही जुळत नाही. होनिंग स्वस्त आणि झटपट आहे, आणि बहुतेक वेळा तेच निवडले जाण्याचे कारण एवढेच. ओतलेल्या व्हाइट मेटलवर तर होन चालवूच नये. दगडाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे जर्नल खातात.

तपासणीत प्लॅस्टिगेजवर (चेपून फट मोजणारी प्लॅस्टिकची बारीक तार) विसंबून चालत नाही. ती त्या एका जागेची फट सांगते (50 मिमी जर्नलला साधारण 0.05 मिमी), रेषा सांगत नाही. त्यासाठी शेल काढून उघड्या भोकांच्या तळाशी लांब, अचूक सरळपट्टी टेकवावी. तिच्याखाली कुठेही 0.04 मिमीची फीलर (पातळ मापपट्टी) शिरू नये. शेवटी शेल बसवून, तेल लावून, कॅप एकेक करून पूर्ण टॉर्कला आवळाव्यात आणि प्रत्येक वेळी क्रँक हाताने फिरवून पाहावा. ज्या कॅपला तो अडला, तिथून शोध सुरू करायचा.