ओलेपणाची जाणीव

ओलेपणाची जाणीव म्हणजे कपडा, भिंत, मीठ, लाकूड असं काही ओलं किंवा दमट आहे हे स्पर्शाने कळणं. गंमत अशी की माणसाच्या त्वचेत दाब, कंप, ताण, गार, गरम, वेदना या सगळ्यांचे संवेदक सापडलेत, पण ओल ओळखणारा संवेदक नाही. झुरळाच्या मिशीवर तो असतो, आपल्याकडे नाही. तरी कोकणातलं शेंबडं पोरपण जुलैत दोरीवरची चड्डी चिमटीत धरून "आये, अजून सुकली नाय" असं सांगतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

शब्दाचं मूळ : 'ओला' हा 'आर्द्र'वरून आला असं सहसा मानतात. हेमचंद्र या जैन पंडिताच्या (12वं शतक) प्राकृत व्याकरणात आर्द्रची उल्ल, ओल्ल अशी रूपं दिलेली आहेत. भिजवणे या अर्थाच्या 'उद्' धातूकडेही जाता येतं (उदक त्यातलंच), पण हेमचंद्राची वाट जवळची वाटते. जास्त बोलका शब्द 'सर्द'. फारसीत सर्द म्हणजे थंड, मराठीत मात्र सर्द म्हणजे दमट, आणि पापड सर्दावला म्हणजे तो गार झाला असं कोणी समजत नाही, तो सादळला, मऊ पडला असंच समजतात. थंड ते दमट हा प्रवास नेमका कधी झाला ते सोडा, पण पुढे दिसेल की त्वचापण हाच घोटाळा करते.

दर्शनांतला विचार : वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या सूत्रांत (काळ वादाचा, ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे) 'अप्सु शीतता', म्हणजे पाण्यात गारवा, असं सूत्र आहे. तर्कसंग्रह या ग्रंथात त्याचा कर्ता अन्नंभट्ट (बहुधा 17वं शतक) पाण्याची व्याख्याच 'शीतस्पर्शवत्य आपः' अशी करतो, म्हणजे ज्याचा स्पर्श थंड ते पाणी. मग गरम पाण्याचं काय, तर ती ऊब पाण्याची नाही, त्यात शिरलेल्या तेजाची, म्हणजे अग्नीची. वाहण्याला 'द्रवत्व' आणि पीठ-चूर्णाचा गोळा बांधणाऱ्या गुणाला 'स्नेह' अशी वेगळी नावं आहेत, आणि स्नेह फक्त पाण्यातच मानलाय. भाकरीचं पीठ मळणाऱ्या बाईला हे तिन्ही एकाच परातीत भेटतात. न्याय या दुसऱ्या दर्शनाच्या सूत्रांत तर त्वचा हेच एकमेव इंद्रिय, बाकी सगळी तिचेच प्रकार, असा पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं) मांडून खोडलाय. 'ओलेपणा' असा वेगळा स्पर्श या यादीत नाही, तो तीन गुणांत वाटला गेलाय, आणि प्रयोगशाळेतला निकाल याच्या बराच जवळ जातो.

प्रयोग : 1900 साली बेंटली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बोटावर पातळ आवरण चढवून ते पाण्यात बुडवलं, बोट कोरडंच राहिलं पण ओलं वाटलं. दाब अधिक गारवा म्हणजे ओल, असा त्याचा हिशोब. रबरी हातमोजे घालून बर्फातली कोलंबी निवडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, मोज्याला भोक पडलं की काय म्हणून तो दोनदा हात काढून बघतो. 2014 च्या सुमाराला फिलिंगेरी आणि हॅवेनिथ या संशोधकांनी हातातल्या जाड, वेष्टण असलेल्या नसांचं (मज्जातंतूंचं) काम थोडा वेळ मंद करून पाहिलं तेव्हा ओलेपणा कमी जाणवला, आणि तेवढंच पाणी असलेलं कापड ऊबदार असेल तर कमी ओलं वाटतं हेही दिसलं. गारवा टिपणारं प्रथिन (टीआरपीएम8) 2002 साली आणि दाब टिपणारं पीझो2 हे 2010 साली सापडलं, या कामातले शास्त्रज्ञ ज्युलियस आणि पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

गारव्याला ओल समजण्याचं कारण साधं आहे. पाणी हवेच्या साधारण 24 पट वेगाने उष्णता ओढतं, शिवाय वाफ होताना आणखी ओढतं. कोकणात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस, हवेत आधीच एवढी वाफ की कापडातलं पाणी जाणार कुठे. म्हणून बायका शिवण किंवा कमरेचा पट्टा गालाला लावून बघतात, कारण गारव्याच्या बाबतीत चेहरा बोटांपेक्षा तिखट. इस्त्री मात्र फसवते. शर्ट गरम असेपर्यंत कोरडा खडखडीत, कपाटात ठेवला आणि सकाळी घातला की खांद्यापाशी सर्द. उलट शहाबादी लादी नुसती गार असली तरी पायाला ओली वाटते, पावसात तिला खरंच पाणी सुटलेलं असतं तेव्हा दोन्हीतला फरक पाय पुसूनच कळतो.

इतर इंद्रियं : 1998 साली फिनलंडमध्ये तळहात घासण्याचा आवाज कानात बदलून ऐकवला, उंच पट्टीचे सूर वाढवले की लोकांना आपली त्वचा कागदासारखी कोरडी वाटली. पापडाचंही तसंच, कुर्रकन आवाज आला नाही की दातांच्या आधी कान सांगतो सादळलाय. डोळा गडद रंगावरून ठरवतो, जांभा चिरा भिजला की लालभडक होतो, आणि 2017 च्या एका अभ्यासात फोटोतले रंग फक्त गडद आणि जास्त गहिरे केले तरी दृश्य ओलं वाटलं. नाकाला कुबट वास आला तर वाळलेला टॉवेलसुद्धा परत दोरीवर जातो.

बोटांच्या सुरकुत्या : भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात राहिलेली बोटं सुरकुततात ती पाणी शोषून फुगल्यामुळे, हा समज चुकीचा ठरतो कारण नस तुटलेल्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, हे 1930 च्या दशकापासून माहीत आहे. त्यांचा उपयोग काय यावर मात्र एकमत नाही. 2013 च्या इंग्लंडमधल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या भरभर उचलल्या गेल्या, 2014 च्या जर्मनीतल्या प्रयोगात तसा फरक आढळला नाही. पकडीला मदत होत असावी याकडे कल थोडा जास्त आहे, पण मुठीतून निसटणारी रोपं सुरकुत्यांनी किती थांबतात हे चिखलात उभं राहून कोणी मोजलेलं दिसत नाही.