बायपोलर विकारातील गट-मनोशिक्षण

बायपोलर, म्हणजेच उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांमध्ये मन हेलकावणारा द्विध्रुवीय मनोविकार असलेल्या आठ ते बारा जणांना एकत्र बसवून आपला आजार ओळखायला आणि सांभाळायला शिकवण्याची उपचारपद्धती. ती औषधांच्या जोडीने वापरतात, औषधांऐवजी नव्हे. मन स्थिर असतानाच गटात घेतात; उन्मादाच्या भरात किंवा गाढ नैराश्यात शिकणे होत नाही.

बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमधील फ्रान्सेस्क कोलोम, एदुआर्द विएता आणि सहकाऱ्यांनी आखलेला अभ्यासक्रम यातला सर्वांत नावाजलेला. आठवड्याला दीड तास, अशा २१ बैठका. गोळ्या न चुकवणे, झोपेच्या वेळा पाळणे, दारू व अमली पदार्थांपासून दूर राहणे आणि आजार उलटण्याआधीच्या खुणा टिपणे यांवर भर. २००३ साली १२० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना अभ्यासक्रम मिळाला; उरलेलेही गटातच बसले, पण त्यांना ठरवून काही शिकवले नाही. औषधे दोघांनाही चालू होती. दोन वर्षांत शिकलेल्यांपैकी ६७ टक्के जणांचा आजार उलटला, इतरांपैकी ९२ टक्के जणांचा. म्हणजे नुसत्या सोबतीपलीकडे शिकण्याचा स्वतंत्र गुण आला. पाच वर्षांनंतरही फरक टिकून होता.

तरी हे शिक्षण गटातच का? उन्मादाची सुरुवात रुग्णाला आजार वाटतच नाही. तीन-चार तासांची झोप पुरते, कल्पना सुचत राहतात, खर्चाला हात सैल होतो आणि ‘आता कुठे मी बरा झालो’ असे वाटते. घरच्यांनी टोकले की राग येतो. पण तेच बोल लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध सोडून पुन्हा दाखल व्हावे लागलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले की मनाला लागतात. दुसऱ्याच्या हकिगतीत स्वतःच्या खुणा सापडतात, आणि वर्षानुवर्षे लपवलेली गोष्ट चारचौघांत बोलता येते. हा दिलासा मोठाच आहे.

या उपचाराला वेळेचे बंधन मात्र आहे. २०१६ साली ब्रिटनमधील ३०४ जणांच्या चाचणीत मनोशिक्षण आणि रुग्णांचा आधारगट यांत एकूण ठळक फरक आढळला नाही. आधी उन्माद किंवा नैराश्याचे सातपर्यंतच झटके आलेल्यांना मनोशिक्षणाचा फायदा अधिक दिसला. म्हणून निदानानंतर लवकरच गट सुचवलेला बरा.

बार्सिलोनातच रुग्णांच्या घरच्यांसाठी १२ बैठकांचे वेगळे गटही घेतले गेले. रुग्ण त्यांत बसत नसत, तरी त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण घटले.