किल्ली हातात घेण्याआधी: बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्या ग्राहकांसाठी

तुम्ही बिल्डरकडून घेतलेलं नवं घर ताब्यात येण्याआधी आमचे इंजिनिअर येऊन तपासतात आणि लेखी अहवाल देतात, एवढंच आमचं काम. छत्रपती संभाजीनगर आणि जालना इथे आम्ही नेहमी असतो; लातूर, बीड, परभणी, नांदेडकडे दोन-तीन घरं एकत्र आली की जातो. आम्ही घरं विकत नाही, कर्ज काढून देत नाही आणि कुठल्याही बिल्डरकडून कमिशन घेत नाही. ज्यांना आम्हाला बोलवायचं नाही त्यांनीही हे पत्रक जवळ ठेवावं, हरकत नाही.

नव्या घरात दोष निघतोच. चांगल्या बिल्डरच्याही निघतो, आणि बहुतेक दोष दुरुस्त होण्यासारखे असतात. ते किती लवकर दुरुस्त होतील हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं: दोष दाखवला त्या दिवशी बिल्डरचे किती पैसे तुमच्याकडे बाकी होते आणि तुमची सही कशाकशावर झाली होती. पुढचं सगळं याच अंगाने लिहिलंय.

बुकिंगच्या दिवशी

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आला की ऑफर येतात. ‘आज टोकन दिलं तरच हा रेट’ असं सांगितलं जातं. टोकन द्यायला हरकत नाही, पण रेरा कायद्याप्रमाणे (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा) नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला एकूण किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून ‘इसार पावती’ द्यायची आणि निम्मे पैसे उचलायचे, हा प्रकार अजून चालतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आणि तिचा पुरावा म्हणून सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) मिळते. आपला इंडेक्स टू निघाला की नाही हे प्रत्येकाने स्वतः पाहावं.

प्रकल्पाचा महारेरा नंबर (रेरा कायदा राबवणाऱ्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) मागा आणि महारेराच्या वेबसाइटवर तो स्वतः टाकून पाहा. जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं ऑगस्ट 2023 पासून सक्तीचं आहे, त्यामुळे मोबाइलवर काम भागतं. तिथे मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरचा बोजा आणि कोर्टातले दावे दिसतात. सॅम्पल फ्लॅट जरूर पाहा, पण तिथला सोफा तुम्हाला मिळणार नाही. नकाशातली खोली मिळणार आहे.

आपल्याकडची अडचण अशी की अनेक रो हाऊस आणि छोट्या अपार्टमेंटना हा नंबरच नसतो. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. सहा रो हाऊसच्या रांगेला रेरा नंबर नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. पण अशा वेळी महारेराच्या पानावरून जे समजलं असतं ते सगळं तुम्हालाच शोधावं लागेल. आणि एकाच लेआउटमधली तीस घरं सहा-सहाचे तुकडे पाडून ‘आम्हाला रेरा लागत नाही’ असं सांगितलं जात असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

जमिनीचं काय

इथे मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुन्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत आहेत, आणि इनाम, मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा सेवेसाठी दिलेल्या), देवस्थान, वक्फ अशा जमिनी शहरांच्या कडेलाही आहेत. त्यांतल्या काहींवर आज इमारती उभ्या आहेत. बँकेचे वकील साधारण तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध) काढतात. इथे तो पुरेलच असं नाही. 1954-55 चं खासरा पत्रक (तेव्हाची जमीनधारकांची नोंद) आणि तेव्हापासूनचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पाहिल्याशिवाय जमीन मुळात कोणाची होती हे कळत नाही. आजच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा आदेश मागा. वक्फ किंवा देवस्थानच्या जमिनीची परवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही, मग मध्ये कितीही खरेदीखतं झालेली असोत.

‘बँकेने लोन मंजूर केलंय म्हणजे टायटल क्लिअर’ हे वाक्य प्रत्येक साइट ऑफिसात ऐकू येतं. बँक आपलं कर्ज वसूल होईल का ते पाहते, आणि वसुलीला तुमचा पगारही असतोच. स्वतःचा वकील करा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

शहराबाहेर आणखी दोन सापळे आहेत. पहिला ग्रामपंचायतीचा. गावठाणाबाहेरच्या अपार्टमेंटला ग्रामपंचायतीची परवानगी पुरत नाही. मंजूर लेआउट आणि नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी लागते. ‘नमुना आठ’ हा कर आकारणीचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. दुसरा सापळा गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटचा. अशी बांधकामं नियमित करण्याचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. आधी नियमित झालेल्या घराचा आदेश हातात असेल तर ठीक. नवं कोरं घर ‘पुढे होईल नियमित’ या भरवशावर घेऊ नका.

पैसे कधी, किती

महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात हप्त्यांची कमाल मर्यादा ठरलेली आहे. करारनाम्यानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर 75, सॅनिटरी फिटिंग, जिने आणि लॉबी झाल्यावर 80, बाहेरचा गिलावा, बाहेरचं प्लंबिंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर 85, लिफ्ट, पंप, वीज फिटिंग झाल्यावर 95. शेवटचे 5 टक्के भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला वापरण्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला) मिळाल्यानंतर ताबा देताना. हा शेवटचा हप्ता आधी देऊन टाकू नका. 40 लाखांच्या घरात तो 2 लाख होतो, आणि तुटलेली टाइल बदलून घ्यायला तेवढे पुरतात.

किंमत कार्पेटवरच (घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावरच) ठरली पाहिजे. ‘हजार स्क्वेअर फुटांचा टू बीएचके’ टेपने मोजला तर सातशेच्या आत निघणं नवलाचं नाही. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. मोजणीत 3 टक्क्यांपर्यंतचा फरक नमुना करारनाम्यात गृहीत धरलेला आहे. उघड्या जागेतलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही.

घराच्या किमतीवरचे खर्च साइटवर तोंडी सांगितले जातात ते कागदावर लिहून घ्या. बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर जीएसटी लागतो: मराठवाड्यात कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत (सुमारे 968 चौरस फूट) आणि किंमत 45 लाखांपर्यंत, या दोन्ही अटी बसत असतील तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. सगळे पैसे भोगवटा प्रमाणपत्रानंतर दिले तर जीएसटी नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत आहे. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायची जबाबदारी तुमची आहे, बिल्डरची नाही.

‘थोडे कॅश द्या, किंमत कमी लावू’ याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. उद्या ताबा रखडला आणि पैसे परत मागायची वेळ आली, तर करारनाम्यात लिहिलेल्या रकमेवरच व्याज मिळेल. रोख दिलेल्या पैशांचा कागदच नसतो.

तपासणी: आम्ही काय बघतो

पाडव्याला ताबा मिळालेल्या घराने एकही पावसाळा पाहिलेला नसतो. मराठवाड्यात बरंच बांधकाम मार्च ते मे या टँकरच्या दिवसांत उरकलं जातं, आणि पाणी कमी पडलं की पहिला फटका क्युरिंगला (बांधकामावर पाणी मारत राहण्याला). कोरड्या, गरम हवेत काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी मारायचं असं आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) सांगतं. गिलाव्याला ते मारलं गेलं नसेल तर कपाटाच्या कोपऱ्यात, रंग नीट लागलेला नसतो तिथे, किल्लीने घासून बघा. रेती हातात आली तर समजून जा.

भेगा पाहून लोक घाबरतात, पण सगळ्या सारख्या नसतात. नकाशासारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या असतात, पुट्टीने जातात. बीम आणि वीट मिळतात तिथे आडवी सरळ भेग म्हणजे सांध्यावर जाळी मारलेली नाही. तेवढा पट्टा फोडून जाळी बसवायला लावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी किंवा दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग मात्र आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सोडत नाही. रो हाऊसमध्ये त्यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती पुरेशी न काढता वर मुरमाचा भराव टाकून, तो नीट न दाबता पोर्च आणि पायऱ्या केल्या असतील, तर दोन वर्षांत पोर्च घरापासून सुटतो. पाया कुठल्या थरावर बसवला हे बिल्डरला विचारा; मुरूम किंवा खडक लागेपर्यंत गेलो असं म्हणाला तर खड्ड्याचे फोटो मागा.

बांधकाम चालू असताना बोलावलंत तर आम्हाला कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवती बांधलेल्या) दिसतात. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडे कोणाला सांगावा लागत नाही, आणि 2024 मध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसलेच. रिंगेची टोकं 135 अंशांत आत वळवलेली असावीत. 90 अंशांत सोडलेली रिंग जोराच्या धक्क्यात उघडते. स्लॅब पडल्यावर हे कोणालाच दिसत नाही.

बाथरूममध्ये पाणी जाण्याची जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवतो आणि खालच्या मजल्यावर छत पाहतो. गच्चीचंही तसंच. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतल्यावर ते जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. हा दोष आम्हाला सर्वांत जास्त सापडतो. टाइलवर काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ती टाइल पुढे सुटणार. भिंतीच्या खालच्या भागात लोणा (क्षारांचा पांढरा थर) दिसला आणि त्यावर ताजा रंग असला, तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जात नाही. विजेसाठी प्रत्येक पिनला टेस्टर लावून अर्थिंग बघतो, आणि ईएलसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबतो. मीटर महावितरणचं घरगुती आहे की बिल्डरच्या बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर घर चालवलंय, हेही पाहतो.

पाण्याबद्दल ‘बोअर आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअर किती फूट, मे महिन्यात किती वेळ चालतो, हौद किती लिटरचा, पालिकेची जोडणी मंजूर आहे का, पुनर्भरणाचा खड्डा खरोखर खणलाय की फक्त नकाशात आहे, हे विचारा. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलेलं सगळ्यात चांगलं.

सही

ताबा पावतीत बहुधा एक ओळ असते: घर पाहिले, समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही. तपासणी होण्याआधी यावर सही करू नका. ‘फर्निचर करून घ्या, किल्ली घ्या, ओसी येईल महिन्याभरात’ म्हणून दिलेला ताबा तर घेऊच नका. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घराची पाणीजोडणी आणि पुढची विक्री दोन्ही अडतात. प्रमाणपत्र आलं की मात्र चालढकल करता येत नाही. दोन महिन्यांत ताबा घेणं कायद्याने तुमच्यावरही आहे. दोषांची यादी ताबा पावतीला जोडा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, दुरुस्तीची तारीख टाका.

ताब्यानंतर पाच वर्षांत बांधणीचा, कामाच्या दर्जाचा किंवा सोयींचा दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा आहे. तक्रार लेखी करा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकलात तरी ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट वेगळं करा. पहिल्या जुलैत ओल दिसली तर त्याच आठवड्यात.

आम्हाला बोलवायचं असेल तर

ताब्याच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी कळवा. मंजूर नकाशा, करारनाम्यातली साहित्याची यादी आणि हप्त्यांच्या पावत्या यांच्या प्रती लागतील. फी कार्पेटवर ठरते आणि येण्याआधी सांगतो. बाथरूमच्या चाचणीसाठी पाणी दोन दिवस आधी भरायचं असतं, म्हणून एका बाथरूमची किल्ली बिल्डरकडून आधी मिळवा. तपासणी दिवसाउजेडी करतो, लाइट आणि पाणी चालू हवं. त्या दिवशी टाकी रिकामी निघाली तर पुन्हा येऊ, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.