जुन्या पिकअपची मॉडेल किट्स: अचूकतेमागचा इतिहास

शेवरोलेची १९५० सालची ३१०० पिकअप आणि फोर्डची त्याच सालची एफ-१, या दोन्हींची प्लास्टिक किट्स मिळत आली आहेत. पहिलं एएमटी या कंपनीचं, दुसरं रेव्हेल या कंपनीचं. प्रमाण दोन्हीकडे १:२५. पण खोकी उघडून भाग शेजारी शेजारी मांडले, की ती दोन वेगळ्या काळांत घडली आहेत हे लगेच दिसतं. एएमटीचा साचा बराच जुना, रेव्हेलचा त्या मानाने अलीकडचा. एका साच्यातले भाग मोजके आणि भरीव, दुसऱ्यात चासीपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं सुटं आणि बारीक.

अशा दोन किट्समध्ये खरं कोणतं, असा वाद छंदी लोकांत नेहमी होतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा अर्धवट राहतो, कारण चर्चा फक्त गाडीच्या सालाची होते. साच्याचं साल आणि तो कशावरून घडला हेही पाहिलं, तर किटमधल्या बऱ्याचशा चुकांचा उगम सापडतो.

या किट्सचं मूळ डेट्रॉइटच्या मोटार विक्रेत्यांच्या दुकानात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्यांनी दरवर्षीच्या नव्या गाडीची छोटी तयार मॉडेल्स विक्रेत्यांमार्फत वाटायला आणि विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला ती उपयोगी पडत आणि त्याच्या मुलाच्या हाती खेळणंही देता येई. १९४८मध्ये सुरू झालेली एएमटी याच धंद्यातली. तिच्या पहिल्या गाड्या ॲल्युमिनियमच्या होत्या, ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ हे कंपनीचं नाव त्यावरूनच पडलं. लवकरच ॲल्युमिनियमची जागा प्लास्टिकने घेतली. खरी गाडी दुकानात येईल तेव्हा मॉडेलही तयार हवं, म्हणून मोटार कंपन्या मॉडेलवाल्यांना आपली रेखाटनं आधीच देत.

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या काळच्या बॉडीचे आकार कारखान्याच्या कागदांवरून उतरले होते. कसलेले कारागीर आधी मोठ्या मापाचा लाकडी नमुना कोरत, मग पँटोग्राफच्या साहाय्याने तोच आकार लहान करून पोलादी साच्यात उतरवत. छताची गोलाई, बोनेटचा उतार, दरवाजावरची रेघ यांत या जुन्या मॉडेलांचा हात धरणारी नवी किट्स आजही थोडी आहेत. मात्र विक्रेत्याच्या टेबलावरच्या मॉडेलला खालची बाजू दाखवायची नसे. तिथे एक सपाट तबकडी असे, सायलेन्सर आणि स्प्रिंगा त्यावरच उठावात कोरलेल्या. चाकं धातूच्या तारेवर बसवलेली.

१९५८मध्ये एएमटीने याच साच्यांच्या आधारे जोडायची किट्स आणली. एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची, अशी तीनपैकी कोणतीही गाडी बनवता येई. त्यामुळे खोक्यातले बरेच भाग मूळ गाडीचे नसतच: वेगळे बंपर, रुंद चाकं, दुसरंच इंजिन. सुरुवातीच्या किट्सना इंजिनच नव्हतं. पुढे ते आलं, पण तारेचा आस तसाच राहिला आणि अनेक किट्समध्ये तो इंजिनच्या ठोकळ्यातून आरपार गेला. इंजिनच्या दोन्ही अंगांना समोरासमोर भोकं दिसली, की तो वारसा विक्रेत्याच्या टेबलाचा समजावा. १९६०च्या फोर्ड एफ-१०० आणि शेवरोले फ्लीटसाइड या एएमटीच्या पिकअप याच घराण्यातल्या. शेवरोलेच्या किटमध्ये हौद्यात ठेवायला एक छोटी गो-कार्टही मिळते.

जुनं तयार मॉडेल हाती लागलं, तर ते मोजून किटशी ताडून पाहावं असं वाटतं. तिथे जपून राहायला हवं. साधारण १९६१पर्यंतची तयार मॉडेल्स ॲसिटेट प्लास्टिकची होती आणि ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं, वाकतं. साठ वर्षांनी घेतलेलं त्याचं माप पुरावा म्हणून चालत नाही. किट्सचं पॉलिस्टायरीन मात्र आकार टिकवून धरतं.

आता खऱ्या गाड्यांकडे वळू, कारण बहुतेक घोटाळे तिथे सुरू होतात. अमेरिकी कारचं रूप दरवर्षी बदलायचं. पिकअप ही कामाची गाडी, तिचं रूप वर्षानुवर्षं टिकायचं, पण मधल्या काळात लहानसहान बदल गाजावाजा न होता होत राहायचे. शेवरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ पिढी १९४७च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५च्या वसंतापर्यंत चालली. लांबून पाहणाऱ्याला सगळी वर्षं सारखीच वाटतात. जवळ गेलं की फरक दिसू लागतात. १९४९मध्ये इंधनाची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आली आणि तिचं तोंड उजव्या दरवाजाच्या मागच्या कोपऱ्यात गेलं. १९५१मध्ये दरवाजाच्या काचेपुढे हवेसाठी उघडणारी छोटी तिकोनी काच आली. १९५२मध्ये खाली वळवायच्या मुठीऐवजी बटण दाबायची मूठ आली. १९५४मध्ये तर चेहराच बदलला. पाच आडव्या पट्ट्यांच्या जाळीऐवजी जाडजूड आडवा-उभा दांडा, दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेऐवजी एकसंध वक्र काच, नवा डॅशबोर्ड, आणि हलक्या पिकअपमध्ये २१६ घनइंचांऐवजी २३५ घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन.

म्हणजे खोक्यावर १९५० लिहिलं असेल, तर तिकोनी काच असता कामा नये, मूठ वळवायची हवी, पुढची काच दोन तुकड्यांत हवी आणि इंधनाचं तोंड केबिनच्या उजव्या कोपऱ्यात हवं. मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी या चार गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ उलगडा होतो.

फोर्डचंही असंच आहे. १९४८च्या जानेवारीत एफ मालिका आली. १९४८ ते १९५० या वर्षांत हेडलाइट आणि आडव्या पट्ट्या एकाच खोलगट चौकटीत बसवलेल्या होत्या. १९५१मध्ये तिथे जाड आडवा दांडा आणि त्यावर तीन उभे आधार आले. १९५३मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, एफ-१ची जागा एफ-१००ने घेतली आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११४ इंचांवरून ११० इंचांवर आला. १९५३मध्ये बाजूला व्हॉल्व्ह असलेलं जुनं व्ही-८ इंजिन होतं, १९५४मध्ये वर व्हॉल्व्ह असलेलं नवं आलं. दोन्ही २३९ घनइंचांची असली तरी दिसायला पार वेगळी आहेत. १९५६ची कडेपर्यंत वळलेली पुढची काच असलेली केबिन तर एकच वर्ष निघाली. म्हणून १९५३ची जाळी आणि १९५६ची केबिन असलेलं काही मॉडेल दिसलं, तर ते बनवणाऱ्याच्या कल्पनेतलं असणार, कारखान्यातलं नव्हे.

या गाड्यांशी आपला संबंध फक्त खोक्यावरच्या चित्रापुरता नाही. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि १९५४मध्ये बंद केला. फोर्डनेही १९२६पासून मुंबईत गाड्या जोडल्या, तीही १९५४च्या सुमारासच गेली. १९४८मध्ये राज्याची एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेवरोलेच्या गाड्याही होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो ट्रक निघाले, तेही पुढे कित्येक वर्षं. जुन्या घाटरस्त्यांच्या फोटोंत दिसणारी गोल बोनेटं आणि फुगीर मडगार्डं याच पिढीतली आहेत. ती किटवर पाहताना आपल्याला ओळखीची वाटतात, ते त्यामुळेच.

मापाचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे, तरी त्यावरून भांडणं होतात. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. मोनोग्राम या कंपनीची बरीच किट्स या मापाची. विक्रेत्यांसाठी मॉडेल्स करणाऱ्या एएमटीसारख्या कंपन्यांनी १:२५ रूढ केलं. फरक किरकोळ वाटतो, पण शेवरोले ३१००चा व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे १:२५मध्ये ११८ मिलिमीटर आणि १:२४मध्ये जवळपास १२३. पाच मिलिमीटरचं अंतर शेल्फवर सहज डोळ्यांत भरतं. एका किटचा हौदा दुसऱ्याच्या केबिनला जोडायला निघालात, तर सांधा जुळणार नाही. तुलना करायची तर आधी कॅलिपरने व्हीलबेस मोजावा, नंतर खोक्यावरचा आकडा वाचावा.

काही चुका मात्र कोणाच्याच नसतात, त्या प्लास्टिकच्या असतात. साच्यातून भाग सुटावा म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. भिंत एक मिलिमीटर जाड असली, तर ती खऱ्या गाडीत अडीच सेंटिमीटर जाड पत्र्यासारखी दिसते. म्हणून हौद्याची वरची कड, फाळका आणि मडगार्डची ओठाळी नेहमीच जाड वाटते. हौद्याच्या कडेला खुंट बसवायचे चौकोनी खळगे असतात, ते किटमध्ये बऱ्याचदा बुजलेलेच मिळतात. हौद्याची जमीन हा माझ्या दृष्टीने पिकअपचा सर्वांत प्रामाणिक भाग. खऱ्या गाडीत लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या असतात. किटमध्ये फळ्यांच्या सांध्यांना खोली आहे का, पट्ट्या उठून दिसतात का, आणि भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा नेमक्या जमिनीवर उमटल्या आहेत का, एवढं पाहिलं तरी साचा करणाऱ्याने किती मन लावलं होतं ते समजतं.

टायरही पाहावेत. १९५०च्या अर्ध्या टनाच्या पिकअपला ६.००-१६ मापाचे उंच, अरुंद टायर असत. १:२५मध्ये त्यांचा व्यास साधारण २९ मिलिमीटर येतो. कंपन्या मात्र एकच टायर अनेक किट्समध्ये घालत, आणि ते बहुधा कारचे. गाडी खाली बसल्यासारखी दिसली तर दोष बॉडीला देण्याआधी चाकं मोजावीत.

साच्यांचं पुढे काय झालं, यातही अचूकतेचा मोठा वाटा आहे. नव्या वर्षाचं मॉडेल काढायला दरवेळी नवा साचा परवडत नसे. जुन्यातच जाळी, बंपर आणि दिव्यांचे भाग बदलत. एकदा पोलाद कापलं की आधीच्या वर्षाचं रूप कायमचं गेलं. त्यात कंपन्यांची मालकी बदलत गेली. एएमटी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लेस्नीकडे गेली, तिथून एर्टलकडे. १९६०च्या दशकात निघालेली एमपीसी ही किट्सची कंपनीही पुढे एर्टलकडेच आली. आज दोन्ही नावं इंडियानातल्या राउंड-टू कंपनीकडे आहेत. १९८६मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एका छताखाली आल्या. या फिराफिरीत साचे फुटले, काही हरवले, काहींतले मूळ भाग काढून शर्यतीच्या गाडीचे भाग घातले गेले. त्यामुळे एकाच किटच्या दोन वेळच्या आवृत्त्या सारख्या असतीलच असं नाही. जुन्या आवृत्तीत मूळ चाकाची झाकणं होती आणि नव्यात नाहीत, असं दिसलं तर ती स्मरणशक्तीची गफलत नसून साच्याचा इतिहास आहे.

गेल्या तीसेक वर्षांत गिऱ्हाईक बदललं. पूर्वी ही किट्स शाळकरी मुलं विकत घेत, आता घेणारी बहुतेक प्रौढ माणसं आहेत आणि त्यांना जाळीतल्या पट्ट्या मोजता येतात. रेव्हेलच्या एफ-१सारखी किट्स या काळातली. सुट्या भागांची चासी, मूळ व्ही-८ इंजिन, नीट आतली बाजू. फ्लोरिडाच्या मोबियस कंपनीने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फोर्ड एफ-१०० साल बदलून, जाळी आणि सजावट बदलून काढल्या. पिकअपवाल्यांना हे सालागणिक वेगळेपण मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण नव्या किट्समध्ये एक नवी अडचण शिरली. आता साच्यासाठी बहुधा जतन केलेली खरी गाडी मोजली जाते. आणि जुनी पिकअप सत्तर वर्षांत जशीच्या तशी राहत नाही. मालकाने तुटलेल्या दरवाजाऐवजी १९५२चा दरवाजा बसवलेला असतो, हौद्याच्या फळ्या नव्याने घातलेल्या असतात, स्प्रिंगा कापून गाडी खाली आणलेली असते. मोजणाऱ्याला हे ओळखता आलं नाही, तर दुरुस्तीवाल्याची तडजोड थेट साच्यात जाते. शिवाय वळणदार बॉडी फोटोंवरून आणि मोजपट्टीवरून पकडणं कठीण, छताची गोलाई दोन मिलिमीटरने चुकली की अख्खी केबिन अनोळखी दिसते. म्हणून खाली पाहावं तर नवं किट सरस आणि बाजूने पाहावं तर जुनं, असा अनुभव पुन्हा पुन्हा येतो.

अनुभवी माणसं यावर आपापला तोडगा काढतात. जुन्या किटची बॉडी घेतात, तिच्याखाली त्याच मापाच्या नव्या किटची चासी आणि इंजिन बसवतात, जाळी आणि चाकं रेझिनमध्ये ओतलेली किंवा त्रिमितीय छपाईची आणतात, नावाच्या पट्ट्या पातळ धातूच्या लावतात. यात सर्वांत जास्त वेळ जातो तो दोन चासींच्या रुंदीतला फरक काढण्यात आणि केबिनच्या मागच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर जुळवण्यात. पिकअपमध्ये हौदा आणि केबिन यांच्यामध्ये फट असते आणि ती सगळीकडे सारखी यावी लागते. ती जुळली तरच पुढच्या रंगकामाला हात लावावा.