बाईकचा पुढचा ब्रेक जाम झाला की ऑइल मारायचं? अजिबात नाही

मालवणपासून रत्नागिरीपर्यंत कुठंही विचारा, डिस्क ब्रेक चिकटला की एकच सल्ला मिळतो, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टनला थोडं इंजिन ऑइल नायतर ग्रीस लाव, मोकळा होईल. होतो पण, दोनचार दिवस, आणि म्हणूनच ही समजूत इतकी वर्षं टिकलीये.

पिस्टन मागं खेचायला आत स्प्रिंग नसते, चौकोनी कापाचं रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ते थोडं वाकतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागं आणतं. डॉट ४ या ब्रेक फ्लुइडवाल्या ब्रेकचं हे रबर पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की फुगतं, मग ब्रेक आणखीनच धरतो.

माझ्या ट्रायल्स बाईकचं (अडथळ्यांवरून तोल सांभाळत चालवायची बाईक) सील काढलं तर त्याच्या खाचेत पांढरी खरबरीत पूड बसलेली, खारी हवा आणि पावसाळ्याने अ‍ॅल्युमिनियम गंजून झालेली, तीच सीलला पिस्टनवर दाबत होती. खाच खरवडून साफ केली, नवीन सील फ्लुइडमध्ये बुडवून बसवलं, झालं काम.

पण आधी एक बघा. चाक जाम असताना ब्लीड निपल (कॅलिपरवरचा फ्लुइड सोडायचा स्क्रू) जरासा सैल करा, चाक सुटलं तर दोष कॅलिपरच्या वर आहे, मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळचा पंप) बारीक भोक बुजलंय, होज आतून फुगलाय किंवा लिव्हरला फ्री प्लेच (दाब सुरू होण्याआधीची थोडी मोकळी चाल) ठेवलेला नाही. ट्रायल्सवाले लिव्हर एका बोटावर घट्ट सेट करतात ना, तिथंच होतं हे. नाही सुटलं तरच कॅलिपर उघडा.