बी गिळली? आधी दोन प्रश्न

परवा रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज चढलेला. "दादा, ओवीनं सीताफळाची बी गिळली." ओवी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक.

"गिळताना ठसका लागला? खोकली का?"

"नाही."

"चावली होती?"

"नाही रे, अख्खीच गेली. सासूबाई विचारतायत, एरंडेल द्यायचं का?"

"काही देऊ नका. झोपू द्या तिला."

फोन ठेवला आणि वाटलं, फळांच्या बियांबद्दल घाबरण्यासारखं जे काही आहे, ते जवळपास सगळं या दोन प्रश्नांत येतं. आपण मात्र घाबरतो भलत्याच गोष्टींना. पोटात झाड उगवेल, अपेंडिक्समध्ये अडकेल, मुतखडा होईल.

झाडाचं आधी बघू. जुन्या वाड्याच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीच्या कडेला, तिसऱ्या मजल्यावरच्या पन्हाळीत उगवलेला पिंपळ कुणी लावलेला नसतो. पक्ष्यानं पिंपळाचं फळ खाल्लं, बी त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडली आणि विष्ठेबरोबर त्या फटीत जाऊन बसली. फळाचा गर हे झाडानं मोजलेलं प्रवासभाडं आहे आणि बी हा प्रवासी. गाडीतच प्रवासी मेला तर भाडं वाया जाणार. म्हणून बीचं कवच सेल्युलोज आणि लिग्निन अशा चिवट पदार्थांचं असतं. ते पचवणारी विकरं माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. आपणही त्या पक्ष्यासारखे एक वाहनच. मैलापाण्याच्या गाळात टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात, ती कुणाच्या तरी कोशिंबिरीतून तिथे पोचलेली असतात. पोटात मात्र रोप येत नाही. उगवायला बीला पाण्याइतकाच प्राणवायूही लागतो, आणि जठरातलं आम्ल नि जेमतेम दोन-तीन दिवसांचा मुक्काम एवढ्यात तिला तो मिळत नाही.

ओवीच्या बीचा प्रवास कसा झाला असेल? जठर अन्न घुसळून त्याचे कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक करतं आणि तेवढेच कण पुढच्या झडपेतून सोडतं. सीताफळाची बी सव्वा-दीड सेंटिमीटर लांब आणि दगडासारखी. ती मागेच राहते. मग पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्यापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते. उरलंसुरलं झाडून पुढे लोटणं हेच तिचं काम. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना, तो बराचसा आवाज या झाडूचा. बी त्या लाटेबरोबर पुढे सरकते, काही मीटर लांबीचं लहान आतडं पार करते आणि मोठ्या आतड्यात येऊन जरा रेंगाळते. एकूण एक ते तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा एका शब्दाचा मेसेज आला: "आली." सोबत फोटो पाठवला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

आता अपेंडिक्स. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं, तिथे लोंबणारी ही बोटभर नळी. तिचं तोंड अरुंद असतं आणि ते बंद झालं की आत सूज येते, हे खरं. पण ते बहुधा कडक झालेल्या मळाच्या खड्यानं किंवा तिथल्याच पेशींच्या सुजेनं बंद होतं. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी १,९६९ अपेंडिक्स शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०११ साली त्याचा अहवाल छापला. त्यात फळाची बी कारणीभूत ठरली होती फक्त एका रुग्णात. दुसरी भीती मोठ्या आतड्याच्या भिंतीत वयानुसार तयार होणाऱ्या बारीक पिशव्यांची. बिया, शेंगदाणे त्यात अडकून सूज येते, म्हणून ते वर्ज्य करा असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांच्या खाण्यापिण्याची १८ वर्षं नोंद ठेवली गेली. २००८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा शेंगदाणे-बदामांसारखी कवचाची फळं, मका आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळला नाही. उलट कवचाची फळं आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत तो थोडा कमीच होता.

मुतखड्याचा समज तर आपल्याकडे इतका पक्का आहे की टोमॅटो चिरून, बिया काढून भाजीत घालणारी घरं मी पाहिली आहेत. अन्ननलिकेतून गेलेली बी मूत्रपिंडात पोचायला वाटच नाही. मूत्रपिंडात जातं ते रक्तात विरघळलेलं, आणि खडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. ऑक्झलेट टोमॅटोत अगदी थोडं असतं, पालकात त्याच्या कित्येक पट. बियांच्या नावानं टोमॅटोनं उगीच शिव्या खाल्ल्या.

बिया कधी अडकतच नाहीत, असं मात्र नाही. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत निवडुंगाची फळं आवडीनं खातात. ती बियांसकट मूठमूठ पोटात गेली की गुदाशयात बियांचा घट्ट गोळा बनतो, आणि तो काढायला कधी कधी भूल द्यावी लागते. कवचासकट सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या मुलांतही हेच होतं. एकदोन बियांनी नाही, एका बैठकीत भरपूर बिया आणि वर पाणी कमी, असं झालं तर. पेरूनं पोट "बांधलं" असं म्हणतात त्यात एवढ्यापुरतं तथ्य आहे. एरवी पेरूतला तंतू पोट साफ करायलाच मदत करतो. आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि ते जास्त गंभीर: आतड्याचा क्षयरोग. त्यात आतडं जागोजागी आकसतं आणि त्या अरुंद जागेमागे जांभळाच्या, बोराच्या बिया साचत जातात. शस्त्रक्रियेत बिया सापडल्या की त्यांनाच दोषी ठरवलं जातं, पण मूळ दुखणं आकसलेल्या आतड्याचं. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, वारंवार कळा येणाऱ्यांनी कठीण बिया गिळू नयेत.

आता दुसरा प्रश्न: चावली होती का? लहानपणी आम्ही जर्दाळू खाल्ला की त्याची बी पाट्याच्या कडेवर ठेवून वरवंट्यानं हळूच फोडायचो. जोर जास्त झाला की आतल्या बदामाचा चुरा. बदाम गोड निघाला तर मजा, कडू निघाला तर थू थू करत बेसिनकडे पळायचं. ते थू थू फार शहाणपणाचं होतं. जर्दाळू, आलुबुखार, पीच, सफरचंद यांच्या बियांत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकर शेजारच्याच कप्प्यात. बी अख्खी आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. दातांखाली चिरडली की पडते, आणि सायनाइड सुटतं.

सफरचंदापुरता हिशेब मांडून बघा. एक ग्रॅम बियांत, म्हणजे साधारण वीस-पंचवीस बियांत, एक ते चार मिलिग्रॅम अमिग्डालिन. त्यातून सायनाइड निघणार फार तर पाव मिलिग्रॅम. जीवघेणी मात्रा दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू होते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी सव्वाशे ग्रॅम बिया नीट चावून खाव्या लागतील, शेकडो सफरचंदांच्या. चुकून चावलेल्या चार बियांनी झोप उडवून घेऊ नका. जर्दाळूची गोष्ट वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये बजावलं की जर्दाळूचे कच्चे बदाम मोठ्या माणसानं तीन लहान दाण्यांपेक्षा जास्त खाल्ले तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते, आणि तान्ह्या-रांगत्या मुलाला एक लहान दाणाही जास्त होतो. कॅन्सरवर उपाय म्हणून हे दाणे विकणारे इंटरनेटवर बसलेले आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

सीताफळाच्या बीत सायनाइड नाही, पण दुसरी विषारी द्रव्यं आहेत. कवच इतकं कठीण की अख्खी बी निमूट बाहेर येते. कुटलेली बी मात्र वाईट. उवांवर तिची पूड डोक्याला लावायची खेड्यापाड्यांत पद्धत आहे, आणि ती पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. बीड-बालाघाटाच्या सीताफळाची चव मला कितीही प्रिय असली तरी हे सांगायला हवं. सगळ्याच बिया चावायला बंदी आहे, असं नाही. डाळिंबाचे दाणे बियांसकट चावावेत, कलिंगडाचा मगज खावा. फणसाच्या आठळ्या उकडून किंवा भाजूनच खाव्यात, कारण कच्च्या आठळीतली काही द्रव्यं प्रथिनांचं पचन अडवतात आणि ती उष्णतेनं मोडतात.

बहिणीला पहिला प्रश्न खोकल्याचा विचारला, कारण खरी भीती तिथे आहे. बी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली तर. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना नीट चावता येत नाही, आणि खाता खाता हसणं, पळणं चालूच असतं. आपल्याकडे मुलांच्या श्वसनमार्गातून काढल्या जाणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा पुढे असतो, आणि चिंचोका, सीताफळाची बी याही वरचेवर सापडतात. उजवी श्वासवाहिनी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बी बहुधा उजवीकडे उतरते. फुप्फुसात ओलही आहे आणि हवाही. २०१० साली अमेरिकेत एका वृद्धाच्या फुप्फुसात मोड आलेला वाटाणा सापडला होता. पोटात जे होत नाही ते तिथे होऊ शकतं.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल तर ते आणीबाणीचं लक्षण, क्षणाचाही उशीर नको. फसवं असतं ते तिसरं: जोराचा ठसका लागतो, पाच-दहा मिनिटांत थांबतो, मूल खेळायला पळतं. मग काही दिवसांनी खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, आणि कधी कधी आठवडेच्या आठवडे बाळदम्याचं औषध चालतं. अशा वेळी त्या ठसक्याची आठवण डॉक्टरांना आपणहून सांगा. एक्स-रेत बी दिसत नाही. दिसली तर दिसते ती एका बाजूच्या फुप्फुसात कोंडून राहिलेली हवा.