स्लॅबवरचं पाणी आणि शहरातला मलेरिया

मुंबईत मलेरिया पसरवणारा डास गटारात वाढत नाही. गटारातला क्युलेक्स वेगळा. तो रात्रभर चावतो, पण त्याच्यामुळे मलेरिया किंवा डेंग्यू होत नाही. शहरी मलेरियाचा वाहक आहे अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचं मूळ विहिरींत दाखवलं होतं. आता विहिरी कमी राहिल्या, पण गच्चीगच्चीवर टाक्या आल्या.

सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते बांधकामांकडे. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून नव्या स्लॅबवर वाफे बांधून पाणी तुंबवतात: ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) १०. पावसाळी उबेत अंड्यापासून डास व्हायलाही साधारण ७ ते १० दिवसच लागतात. म्हणून पाचव्या दिवशी वाफे फोडून, खराट्याने कोपरे झाडून लगेच नवं पाणी भरावं; काँक्रीट कोरडं पडू देऊ नये. काढलेलं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात सोडलं, तर अळ्या तिथे वाढत राहतात. शक्य तिथे पाणी तुंबवण्याऐवजी ओलं गोणपाट अंथरणं उत्तम.

त्याच इमारतीत मजूर उघड्यावर झोपतात. त्यांच्यापैकी एकाच्या रक्तात परजीवी असला, तरी त्याला चावलेली मादी १०-१२ दिवसांनी इतरांना मलेरिया देऊ शकते. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात डासाला लागण करणारे परजीवी तापाच्या सुरुवातीपासूनच रक्तात असतात, म्हणून रक्ततपासणी ताप आला त्याच दिवशी हवी. ताप उतरला तरी यकृतात लपलेल्या परजीवींसाठी डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा कोर्स मध्येच सोडू नये. मजूर गाव किंवा साइट बदलतात आणि नेमका हा कोर्सच अर्धवट राहतो.

टाकीचं झाकण घट्ट असतं, पण ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड उघडं राहतं. मादीला तेवढी वाट पुरते. त्यावर बारीक जाळी तारेने आवळून बांधा आणि झाकणाला गेलेली चीर बुजवा. हाच स्टीफेन्सी डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला आणि जवळजवळ आटोक्यात आलेला मलेरिया तिथे पुन्हा उसळला.

डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि पिंप, कुंडीखालची ताटली, टायर यांत वाढतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात. त्यामुळे पिंप नुसतं ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा आतून ब्रशने घासायलाच हवं. धुराची फवारणी फक्त उडणारे डास मारते, आणि पिंपातल्या अळ्यांतून आठवड्याभरात नवे बाहेर येतात.